दोन पिंपांचा समुद्र

गिरगावातल्या आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सहाच्या आत जायचं. आई उठायची, मोरीतल्या पितळी पिंपाशी जायची आणि पहिलं काम करायची ते पिंप वाजवण्याचं. बोटाच्या पेराने वरून खाली टक्‌टक्‌ करत यायची. वरच्या रिकाम्या भागात आवाज खणखणीत असायचा. जिथे पाणी सुरू होई तिथे तो एकदम बद्द व्हायचा. झाकण न काढता, दिवा न लावता तिला कळायचं, काल किती उरलंय आणि आज किती भरायचंय. मग हंडे, कळशा, बादल्या यांचा क्रम लागायचा. पिण्याचं वेगळं, सांडायचं वेगळं. या कामात तिला कधी घाई करताना पाहिल्याचं आठवत नाही. पाणी येण्याआधी तिची तयारी झालेली असायची.

हे सगळं मला चाळीस वर्षांनी पुन्हा आठवलं ते गोरेगावच्या फ्लॅटमध्ये, एका काचेच्या टाकीसमोर रात्री साडेअकरा वाजता उभं असताना. टाकी चार फुटांची, खाऱ्या पाण्याची. आत दोन क्लाउनफिश आणि तीन निळे डॅमसेल. त्यांचे कल्ले भराभर हलत होते आणि एक डॅमसेल दगडाच्या फटीत आडवा पडला होता. तासाभरापूर्वी मीच त्यांचं पाणी बदललं होतं.

चूक माझीच होती. ऑफिसातून उशिरा आले, दोन आठवडे पाणी बदललं नव्हतं म्हणून मनाला टोचणी होती. बादलीत पाणी घेतलं, वाटीने मोजून समुद्री मीठ टाकलं, लाकडी उलथन्याने ढवळलं आणि अर्ध्या तासात ते टाकीत ओतलं. पावसाळ्याच्या दमट हवेने मीठ ओलं झालेलं, त्यामुळे वाटीचं माप फसलं. खारटपणा मोजायला प्लॅस्टिकचा काटावाला हायड्रोमीटर होता. त्याच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले, त्यांनी काटा वर उचलला आणि पाणी होतं त्यापेक्षा जास्त खारट दिसलं. वर ते नीट विरघळलेलंही नव्हतं. आडवा पडलेला डॅमसेल सकाळी गेला. बाकीचे वाचले.

त्या सकाळी ठरवलं, की यापुढे पाणी आधी तयार होईल आणि मग बदललं जाईल. घाईत बनवलेलं पाणी टाकीत जाणार नाही. माशांच्या हौशी मंडळींमध्ये याच्या सोयीला ‘मिक्सिंग स्टेशन’ म्हणतात. परदेशी बनावटीचं तयार घ्यायचं तर खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा. म्हणून मी ते हाताने उभारलं आणि त्यासाठी चार महिने मुंबईभर हिंडले. हा लेख त्या हिंडण्याचा आणि त्यातून जे शिकले त्याचा आहे.

लालबागचे काका

सुरुवात लालबागपासून झाली. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या मासेवाल्यांच्या गल्लीत एका दुकानदाराने मला सांगितलं, “ताई, खाऱ्या पाण्याचं शिकायचंय तर काकांकडे जा. दुकानात शिकून होणार नाही.” काका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर छोट्या कारखान्यांमध्ये नोकऱ्या केल्या, आता निवृत्त आहेत. दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली तीन फुटांची टाकी, आणि मोरीला लागून एकावर एक ठेवलेली दोन पांढरी पिंपं.

मी चहा घेत माझी कहाणी सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मासा आजारी पडला की लोक विचारतात, औषध काय टाकू. मी विचारतो, पाणी शेवटचं कधी बदललंत? बहुतेकांना आठवत नाही. का आठवत नाही? कारण ते काम त्रासाचं असतं. बादल्या उचला, मीठ ढवळा, लादी पुसा. त्रासाचं काम माणूस पुढे ढकलतो. म्हणून मी त्रासच काढून टाकला.” त्यांनी वरच्या पिंपाखालची एक चावी फिरवली. स्वच्छ पाणी नळीतून खालच्या पिंपात पडू लागलं. “एवढंच आहे बघा. वर गोडं, खाली खारं.”

मिक्सिंग स्टेशनची सगळी रचना त्या चार शब्दांत आली. वरच्या पिंपात शुद्ध केलेलं गोडं पाणी साठतं. ते गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. खालच्या पिंपात मीठ मिसळून, पंपाने फिरवत ठेवून समुद्राचं पाणी तयार होतं. दोन्ही लागतात, कारण टाकीची गरज दोन प्रकारची असते. टाकीतलं पाणी रोज उडतं, पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. ती रोजची भर गोड्या पाण्याने घालावी लागते. मे महिन्यात पंखा लावलेल्या माझ्या टाकीला दिवसाला दोन लिटर सहज लागतात. आणि आठवड्याला जे पाणी काढून टाकायचं, त्याच्या जागी खारंच घालावं लागतं.

मीठ आणि समुद्र

मला आधी वाटायचं, समुद्राचं पाणी म्हणजे पाण्यात मीठ. मग घरातलं मीठ का चालू नये? किंवा भाईंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ? ते तर समुद्रातूनच आलेलं.

याचं उत्तर मिठागराच्या वाफ्यातच आहे. खाडीचं पाणी उन्हात आटत जातं तेव्हा त्यातले क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. आधी चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, आणि त्यानंतर आपलं खायचं मीठ, सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी वेगळं काढलं जातं. म्हणजे मिठागरातून हाती येतं ते समुद्रातलं मीठ, सगळा समुद्र नव्हे. ते पुन्हा पाण्यात घातलं तर खारट पाणी होईल, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची वाण असेल. घरातल्या बारीक मिठात तर आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यंही असतात.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड 19 ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट 2.7, मॅग्नेशियम 1.3 च्या आसपास, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी 0.4. यातली विलक्षण गोष्ट अशी, की खुल्या समुद्रात कुठेही गेलं तरी हे प्रमुख क्षार एकमेकांच्या त्याच प्रमाणात सापडतात. पाणी कुठे कमी खारं असेल, कुठे जास्त, पण क्षारांचं आपसातलं गणित बदलत नाही. ब्रिटनचं ‘चॅलेंजर’ हे जहाज 1872 ते 1876 या काळात जगातले महासागर फिरून आलं. त्याने आणलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि 1884 मध्ये हे प्रमाण आकड्यांनिशी मांडलं. ते तसं आहे म्हणूनच खोक्यात भरलेलं मिश्रण ‘समुद्री मीठ’ म्हणून विकता येतं आणि एकच गोष्ट मोजून, म्हणजे खारटपणा मोजून, बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो.

हा खटाटोपही आजचा नाही. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्र दूर होता आणि पाणी वाहून आणणं खर्चाचं होतं. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने 1854 मध्ये चार क्षार एकत्र करून कृत्रिम समुद्रजल बनवलं: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आज आपण विकत घेतो ती मिश्रणं त्याच वाटेवरून पुढे आलेली आहेत, फक्त त्यांत कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि इतर सूक्ष्म घटकही असतात.

मुंबईकर मला हमखास विचारतात, समुद्र दाराशी असताना हे कशाला? जुहूला जा, कॅन भरून आणा. आपल्या किनाऱ्यावर काय सोडलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय चार महिने पावसाचं आणि नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारटपणा खाली येतो, गाळ तरंगत राहतो. 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मी लहानपणी तासन्‌तास बसले आहे. आत काचेपलीकडे निळं पाणी आणि बाहेर करडं पाणी, आणि दोघांमध्ये एक रस्ता, हे मला तेव्हाही कोडं वाटायचं.

तलावापासून पिंपापर्यंत

आता गोडं पाणी. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यांतले विहार आणि तुळशी शहराच्या पोटातच आहेत. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा दूर ठाणे-नाशिकच्या डोंगरांत. पावसाचं साठवलेलं हे पाणी मुळात मृदू. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर ते बहुधा सत्तरच्या आसपास दिसतं. मराठवाड्यातल्या माझ्या आतेभावाच्या बोअरच्या पाण्यावर हाच मीटर आठशेच्या पुढे गेला होता. म्हणजे मुंबईकर हौशी माणूस नशीबवान आहे. तरी तेच पाणी थेट वापरता येत नाही. त्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. जुन्या गंजक्या पाइपांतून लोह आणि तांबं येऊ शकतं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका थोडं थोडं येतं, आणि बाष्पीभवनाची भर घालत राहिलं की ते टाकीत साचत जातं.

म्हणून आरओ, म्हणजे दाबाने पडद्यातून गाळणं, आणि त्याच्यापुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारं रेझिन. आरओच्या पडद्याचा इतिहास वाचताना एक नाव भेटलं आणि बरं वाटलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी गोडं करू शकेल असा, कामाचा पडदा ज्या दोघांनी बनवला, त्यांतले एक सिडनी लोब आणि दुसरे मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन. खाऱ्याचं गोडं करण्यासाठी शोधलेला तो पडदा मी आता गोड्याचं खारं करण्याच्या पहिल्या पायरीवर वापरते.

तयार मशीन घ्यायची गरज नाही. पिण्याच्या आरओचे सुटे भाग कुठल्याही बाजारात मिळतात: गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन, 80 जीपीडीचा (दिवसाला 80 गॅलन) मेंब्रेन म्हणजे तो पडदा आणि त्याची नळकांडी, बूस्टर पंप, अॅडॉप्टर. यूव्ही नको, पाण्यात क्षार परत मिसळणारं काडतूस तर मुळीच नको. शेवटी डीआय रेझिनची एक नळकांडी. क्रम महत्त्वाचा आहे. कार्बन आधी लागतो, कारण क्लोरीन मेंब्रेन खातं. रेझिन शेवटी लागतं, कारण ते महाग आहे आणि मेंब्रेनने नव्वद-पंचाण्णव टक्के काम आधी केलं तरच ते टिकतं. बूस्टर पंप का, तर दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे 14 पीएसआय दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीपासून चार मजले खाली असलेल्या माझ्या नळाला जेमतेम 17 मिळतात आणि मेंब्रेनला पन्नासच्या वर हवे असतात.

सोडून दिलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न मला सुरुवातीपासून छळत होता. एक लिटर शुद्ध पाण्यामागे माझ्याकडे तीन लिटर बाहेर पडतं. गणित केलं. सत्तर टीडीएसच्या चार लिटरमधले बहुतेक सगळे क्षार तीन लिटरमध्ये गेले तर त्या पाण्याचा टीडीएस नव्वदच्या थोडा वर जातो. म्हणजे ते पाणी घरकामाला उत्तम आहे. मी ते वेगळ्या ड्रममध्ये धरते; कपडे, लादी, संडासाची टाकी यांत ते पूर्ण संपतं. फक्त कार्बनमधून गेल्याने त्यात क्लोरीन नसतं, म्हणून ते दोन-तीन दिवसांवर ठेवत नाही. आठशे टीडीएसच्या गावात हेच पाणी हजाराच्या वर जाईल, तिथे झाडांना घालताना विचार करावा लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट काकांनी दाखवली. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पाण्याचा टीडीएस जास्त असतो, कारण बंद असताना क्षार हळूहळू मेंब्रेनच्या पलीकडे झिरपलेले असतात. ते पहिलं लिटरभर पाणी बाजूला काढायचं. एवढ्याने रेझिन कितीतरी जास्त चालतं.

ड्रम, चावी आणि प्लंबरमामा

पिंपांसाठी धारावीला गेले. तिथे वापरलेले ड्रम धुऊन, घासून पुन्हा विकणाऱ्यांची रांगच आहे. एका मोठ्या निळ्या ड्रमवर हात ठेवला तर दुकानातला पोरगा म्हणाला, “मॅडम, पाण्याला हवाय ना? हा घेऊ नका. यात काय होतं आम्हालाही माहीत नाही.” त्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. टीडीएस मीटर क्षार मोजतो. ड्रमच्या भिंतीत मुरलेलं रसायन त्याला दिसत नाही. म्हणून आधी त्यात काय होतं हे ठामपणे ठाऊक असेल तरच जुना ड्रम घ्यावा. मला लोणच्याच्या कारखान्यातून आलेले दोन शंभर लिटरचे पांढरे, रुंद तोंडाचे ड्रम मिळाले. तळाला त्रिकोणात 2 चा आकडा, म्हणजे एचडीपीई. मोहरीचा वास जायला तीन दिवस आणि व्हिनेगरची दोन धुणी लागली. पांढऱ्या ड्रमचा एक फायदाही आहे: पाण्याची पातळी बाहेरून दिसते. मी पट्टीने दर दहा लिटरला मार्करच्या रेघा मारून घेतल्या.

पाइपांचं काम आमच्या इमारतीच्या प्लंबरमामांनी केलं. सामान मी आणलं होतं, त्यात चकचकीत पितळी चाव्या होत्या. मामांना त्या आवडल्या. “ताई, ह्या वीस वर्षं हलणार नाहीत.” मी म्हटलं, “मामा, समुद्राचं पाणी पितळेतलं तांबं आणि जस्त काढतं. ते कोळंबी-गोगलगायींना विष आहे, माशांनाही वाईट.” मामांनी एक चावी हातात फिरवून पाहिली. “मग पितळ नको. स्प्रिंगवाला व्हॉल्व्हसुद्धा नको, आत लोखंड असतं. सगळं प्लॅस्टिक घेऊ.” आम्ही यूपीव्हीसीचे पाऊण इंची पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह आणले.

भोक पाडताना मी घाई केली असती. मामांनी ड्रमला टेकून पाइपचा तुकडा चार ठिकाणी धरून पाहिला. तळाशी जिथे भिंत वळते तिथे टँक निपलचा वॉशर सपाट बसत नाही आणि गळती कायमची लागते. म्हणून तळापासून चार बोटं वर, सपाट जागी होल-सॉ लावला. कडेचा प्लॅस्टिकचा कीस सुरीने काढला, पॉलिश पेपर फिरवला, रबरी वॉशर आतल्या बाजूने घातला आणि नट हाताने आवळला. पान्याने फक्त पाव फेरा. “जास्त आवळलं की वॉशर बाहेर सरकतो,” मामा म्हणाले. खाली उरलेलं चार बोटं पाणी निघत नाही.

खालच्या पिंपाला भोक पाडलंच नाही. आत साडेपंधराशे लिटर ताशी फेकणारा सबमर्सिबल पंप ठेवला आणि त्याचा पाइप वरून बाहेर काढला. वर एक टी, टीच्या दोन फांद्यांना दोन चाव्या. एक फांदी परत पिंपात वळते. ती उघडी ठेवली की पाणी गोल फिरतं आणि मीठ विरघळतं. दुसरीला टाकीपर्यंत पोचणारी नळी. पहिली बंद, दुसरी उघडी केली की तोच पंप तयार पाणी टाकीत नेऊन सोडतो. ढवळणं आणि वाहून नेणं, दोन्ही एकाच पंपात झालं. मध्ये एक युनियन घातला, म्हणजे पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागत नाही.

इथे एक धोका असतो. पंप बंद केल्यावर पाणी नळीतून उलटं ओढलं जाऊ शकतं आणि टाकी पिंपात रिकामी होऊ शकते. त्यासाठी पाण्याच्या पातळीच्या वर, पाइपला बारीक छिद्र पाडलं. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. पंप चालू असताना त्या छिद्रातून धार उडते, म्हणून ते पिंपाच्या आतल्या बाजूला वळवलेलं आहे. नळीचं तोंडही टाकीत वरच, पाण्याबाहेर अडकवते.

पंपाच्या बाबतीत पहिला प्रयोग फसला. स्वस्त म्हणून कूलरचा पंप वापरला. दीड महिन्यात पाण्यावर तांबूस तवंग दिसला. उघडून पाहिलं तर आतला पोलादी दांडा आणि स्क्रू गंजून गेले होते. ते ऐंशी लिटर पाणी गटारात गेलं. त्यानंतर सिरॅमिक दांड्याचा, मत्स्यालयासाठीचाच पंप घेतला.

ढवळण्याची रीत

आता शनिवारी सकाळी वरची चावी उघडते. ऐंशी लिटरच्या रेघेपर्यंत पाणी खाली उतरलं की पंप सुरू. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मीठ तोलते. बहुतेक मिश्रणांना लिटरमागे 35 ते 40 ग्रॅम लागतं, मी 2.8 किलोपासून सुरुवात करते आणि फिरत्या पाण्यात मूठमूठ सोडते. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. थोड्या पाण्यात खूप मीठ एकदम आलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात, चुनखडी बनून खाली बसतात आणि पाणी ताकासारखं पांढरट होतं. ती चुनखडी मग सहज विरघळत नाही. गरम पाण्यातही हेच होतं, म्हणून विरघळायला मदत म्हणून गरम पाणी घालू नये.

पाणी आरपार स्वच्छ व्हायला काही तास लागतात. मी रात्रभर फिरू देते आणि रविवारी सकाळी मोजते. मोजायला आता रिफ्रॅक्टोमीटर आहे: काचेवर दोन थेंब, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते पाहायचं. 35 हवेत. पण रिफ्रॅक्टोमीटरही चुकतो, आणि नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तर वर 35 ला बरोबर असेलच असं नाही. त्यासाठी काकांनी घरगुती कसोटी दिली: 36.5 ग्रॅम कोरडं साधं मीठ 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर 35 दाखवायला हवं, कारण त्यातून प्रकाश समुद्राच्या पाण्याइतकाच वाकतो. मी त्याची बाटली घट्ट बूच लावून ठेवली आहे आणि महिन्यातून एकदा उपकरण तिच्यावर तपासते.

मग टाकीतलं वीस लिटर काढायचं, चावी फिरवायची आणि वीस लिटर भरायचं. पूर्वी दीड-दोन तास आणि ओली लादी असायची, आता वीस मिनिटं. टाकीत साधारण दोनशे लिटर पाणी आहे, म्हणजे दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलतो. एका खेपेने फार फरक पडत नाही. पण नवी भर पडली नाही असं धरलं तर दहा आठवड्यांत जुन्या पाण्यातला जेमतेम 35 टक्के भाग उरतो. न चुकता केलेल्या लहान कामाचा हा हिशेब आहे, आणि न चुकता व्हावं म्हणूनच तर ही पिंपं.

काय वाचवलं, काय वाचवू नये

माझ्या वहीतला जमाखर्च असा. दोन ड्रम 1,700 रुपये. भोकाच्या अँगलचा रॅक, जुना, 2,400. आरओ-डीआयचे सगळे भाग 4,300. पंप 1,600. पाइप, चाव्या, निपल 1,250. रिफ्रॅक्टोमीटर 1,900. टीडीएस मीटर 350. एकूण 13,500. मामांनी मजुरी घेतली नाही. त्यांच्या नातीला मासे दाखवायला आणतात. मीठ वेगळं, ते चालू खर्चात.

ड्रम, रॅक, पाइप यांवर वाचवता येतं. मेंब्रेन, रेझिन, पंप आणि मोजायचं साधन यांवर वाचवू नये. आणि एक खर्च मी या यादीत धरला नाही, कारण तो घराचा आहे: 30 मिलीअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. वायरीवर मिठाची पापुद्री चढते आणि ती प्लगपर्यंत पोचते. म्हणून प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवते, म्हणजे थेंब प्लगकडे न जाता खालच्या झोळावरून गळतो, आणि पिंपात हात घालण्याआधी बटण बंद. रॅकही भिंतीला बांधलेला हवा. वरच्या फळीवर शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन असतं, दोन मोठी माणसं उभी असावीत तेवढं. माझा रॅक ड्राय बाल्कनीत, तुळईच्या कडेला आहे.

पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या तपासायला घरोघर येतात. त्यांनी माझी पिंपं पाहिली तेव्हा मला आधी भीती वाटली. डेंग्यूचा एडीस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात त्यातून डास उडतो. माझं वरचं पिंप त्याला अगदी हवं तसं आहे. म्हणून झाकणाला रबरी कड बसवली आहे आणि हवा जाण्याच्या छिद्रावर बारीक जाळी. कर्मचाऱ्याने बॅटरी मारून पाहिलं, जाळीला बोट लावलं आणि वहीत खूण करून गेला.

टाकीत कोण असावं

पाणी इतकं छान जमल्यावर प्रवाळ ठेवण्याचा मोह होतो. बाजारात कुणी हळूच विचारतंही. पण आपल्याकडे खडक बनवणारी प्रवाळं, समुद्री पंखे, समुद्री काकड्या आणि समुद्री घोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणजवळच्या ज्या समुद्राला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तिथे मी पाण्यात उतरून प्रवाळ पाहिलं आहे. ते तिथेच राहावं. माझ्या टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत.

माशांच्या बाबतीतही प्रश्न पडतो, की हा समुद्रातून ओढून आणलेला आहे की पैदास केलेला? क्लाउनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीचीच साधली आहे आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती होते. समुद्रात नव्हे, टाकीतच जन्मलेलं पिल्लू टाकीला सरावलेलं असतं आणि समुद्रातून कुणी कमी होत नाही. आता मी विचारल्याशिवाय मासा घेत नाही. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर रिकाम्या हाताने परतते.

परवा आमच्या भागात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद होतं. इमारतीत आदल्या रात्री धावपळ, बादल्यांचे आवाज. आई आता माझ्याकडेच असते, ऐंशी उलटली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. ती भिंतीला धरत ड्राय बाल्कनीत आली. मार्करच्या रेघा तिला दिसत नाहीत. तिने हात पुढे करून वरचं पिंप चाचपलं आणि पेराने वरून खाली टक्‌टक्‌ करत आली. प्लॅस्टिकचा आवाज पितळेसारखा खणखणीत नसतो, पण फरक कळतो. काठाच्या चार बोटं खालीच आवाज बद्द झाला. मग ती वाकली, खालचं पिंप वाजवलं. तेही भरलेलं होतं.

“झोप आता,” ती म्हणाली आणि आत गेली.